समुद्राकाठी ठोकलेला खुंटा

देवलाचा खुंटा हरवल्यापासून घरची शेळी मोकळी होती, आणि शेळी मोकळी होती तोवर घरातली एक वस्तू धड राहणार नव्हती. आधी तिनं धाकट्या सुनेची, पारूबाईची तुळस बुडख्यापासून साफ केली, मग थोरल्या सुदामच्या शर्टाची बाही चघळली. आणि आज, सुदामच्या पोरीच्या, मिनाच्या सोयरिकीचा गूळ फोडायला पाव्हणे यायचे त्याच सकाळी, दारावरचं झेंडूचं तोरण अर्ध्यापर्यंत खाऊन उरलेलं आंब्याच्या पानांसकट लोंबतं ठेवलं.

दुसरा खुंटा ठोकायला कुणी हात धरले होते का, असं कुणीही विचारील. धरले होते. म्हातारा देवला बाजेवरून काठी आपटायचा. त्या जागी त्याचाच खुंटा पाहिजे होता. बाभळीचा, हातभर लांब, टोकाला लोखंडी टोपण बसवलेला. देवलाचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ लादून कोकणातून घाट चढून इकडं यायचा, त्या लदेणीच्या काळातला तो खुंटा. नदीकाठी तळ पडला की पाण्याच्या कडेला तो ठोकायचा आणि सकाळी उठून बघायचा. कोरडा असला तर चूल पेटवायची. पाण्यात गेला असला तर चूल न पेटवता तळ उचलायचा. बाकी कसलं पंचांग तांड्याला लागत नव्हतं.

"खुंटा कुठं गेला माजा?" देवला रोज विचारायचा. सगळे एकमेकांकडं बघायचे. म्हातारी जिवनबाई, जिला मुलं-सुना-नातवंडं सगळीच याडी म्हणायची, ती मात्र धाकट्या पोराकडं, उत्तमसिंगकडं बघायची. आणि उत्तमसिंगला तेवढ्यात जीपच्या चाकात हवा बघायची आठवण व्हायची.

उत्तमसिंग सेनगावच्या रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवायचा. गाडीत कोंबून बसवलेल्या माणसांना बोलण्यात गुंतवून ठेवायचं, म्हणजे ती गुडघे दुखल्याची तक्रार करत नाहीत, ही त्याची युक्ती. त्यामुळं गोष्ट सांगण्यात त्याचा हात धरणारा पुसेगावपर्यंत कुणी नव्हता. पण खुंट्याची गोष्ट त्यानं अर्धीच सांगितली होती. समुद्रानं खुंटा गिळला, हे तो सगळ्या तांड्याला सांगून बसला होता. तो खुंटा कुणाचा, एवढंच तेवढं राहून गेलं होतं.

झालं होतं असं. आखाडा बाळापूरकडच्या तांड्यातल्या भीमसिंग जाधवांचा दिपक पार रायगड जिल्ह्यात, समुद्राकाठच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होता. इकडच्या पोरांना नोकरी लागते ती तिकडंच, आणि बदली मागता मागता केस पांढरे होतात, हे कुणाला नवीन नव्हतं. मिना डीएड झालेली, पोरगा शांत, घर माहितीतलं. गूळ फोडायचा दिवसही ठरला. आता पोरगी नांदणार ते घर एकदा पाहून यावं म्हणून सुदाम आणि उत्तमसिंग निघाले.

ते निघायच्या आधी पारूबाईनं नवऱ्याचे कान भरले होते. तिच्याकडं रंगीत टीव्ही होता, आणि त्या उन्हाळ्यात बातम्यावाल्यांना बर्फाचं वेड लागलं होतं. गरमी वाढून राहिली, ध्रुवावरचा बर्फ वितळून राहिला, समुद्र चढून राहिला. निळं पाणी मुंबईच्या इमारतींचा एकेक मजला चढत वर जाताना दाखवायचे. पारूबाई रोज बघायची. तिच्या हिशेबानं मुंबई आठवड्यातून तीनदा बुडत होती. मिनाला अशा पाण्यात ढकलायची असेल तर आधी खुंटा ठोकून बघा, असं ती बोलून गेली. गमतीनंच बोलली बिचारी. पण उत्तमसिंगनं म्हाताऱ्याला न विचारता शेळी सोडली, खुंटा उपटला आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत टाकला.

दोघा भावांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. सुदाम बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, लई हाय. उत्तमसिंगला त्यावर काही जोडता आलं नाही, आणि असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

दिपक त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेला. तो राहायचा त्या घराची मालकीण भागूबाई म्हणून कोळ्याची म्हातारी होती. तिनं दोघांना पाणी दिलं, मासळीचं कालवण चुलीवर ठेवलं आणि तोवर जरा फिरून या म्हणाली. दुपारची वेळ. पाणी पार लांब, चिखलाच्याही पलीकडं. एवढ्या लांबच्या पाण्याला भिणारी ती पारूच, असं म्हणून उत्तमसिंग हसला. मग रीत म्हणून पाण्याच्या अगदी कडेला गेला, दगडानं खुंटा चांगला खोल ठोकला, आणि दोघं सुरूच्या झाडाखाली आडवे झाले. रात्रभराचा यष्टीचा प्रवास झालेला. डोळा लागला.

जाग आली ती सुदामला, पाय गार लागले म्हणून. त्याची एक चप्पल तरंगत चालली होती. खुंटा नव्हता. खुंटा ठोकला ती जागाच नव्हती. जिथवर नजर जाईल तिथवर पाणी, आणि ते भागूबाईच्या कुंपणाशी येऊन ठेपलेलं. उत्तमसिंग उठला, एकदा बघितलं आणि पळत सुटला. सुदाम एका चपलेवर त्याच्या मागं. भागूबाई दारातून जेवून जा म्हणून हाका मारत राहिली. मिळाली ती गाडी पकडून दोघं उपाशीपोटी हिंगोलीला उतरले ते थेट तांड्यावर आले. पारूबाई खरं बोलत होती, हे उत्तमसिंगनं तेव्हा चारचौघांत कबूल केलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पारूबाईनं हे वाक्य प्रथमच ऐकलं, आणि तिनं ते पुन्हा दोनदा म्हणवून घेतलं.

मिनानं त्या दिवशीच सांगून पाहिलं होतं. पितळेची थाळी आणली, लिंबू आणलं, ही पृथ्वी आणि हा चंद्र, चंद्र पाण्याला ओढतो, त्याला भरती म्हणतात, सोडतो ती ओहोटी. उत्तमसिंगनं मन लावून ऐकलं. मग विचारलं, चंद्र समुद्राचं पाणी ओढतो तर आपल्या हिरीचं काहून ओढत न्हाई? हे काही डीएडला नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. ज्यांनी ज्यांनी मान डोलावली त्यांतल्या एकाही माणसानं समुद्र पाहिला नव्हता.

मग तिनं वाद घालणं सोडलं. पुसेगावच्या बाजारात किराणावाल्याकडं रुपयाचा फोन होता, तिथं जाऊन दिपकला फोन लावला आणि एवढंच सांगितलं की येताना खुंटा घेऊन या.

सकाळी चुलीपाशी मिना तिखट-मिठाच्या पुऱ्या लाटत होती आणि तिची आई, संगिता, तळत होती. संगिताच्या मनात काय चाललं होतं ते तिचं तिलाच माहीत. समुद्राचं तिला काही पडलं नव्हतं. पोरगी एवढ्या लांब जाणार, बाळंतपणाला आणायची तर दोन यष्ट्या बदलाव्या लागणार, हे तिच्या घशाखाली उतरत नव्हतं. पण लांब म्हणून नको म्हटलं की सगळे हसतात, आपल्या बाया काय जवळ दिल्या होत्या का म्हणतात. समुद्र चढतो म्हणून नको म्हटलं तर कुणी हसत नव्हतं. तेव्हा समुद्र चढतोय तर चढू दे, असं तिनं ठरवलं होतं.

मिना एकदा म्हणाली, "आई, तुला तरी खरं वाटतं का हे?"

संगितानं झाऱ्यानं पुरी उलटली. तिला पोरीच्या तोंडाकडं बघवेना. तुझे काका काय येडे हायेत का, एवढंच ती म्हणाली. आणि पोरगी गप्प लाटत राहिली हे तिला भांडणापेक्षा जास्त लागलं.

जीप वाजली. भीमसिंग, त्यांची मंडळी, दिपक आणि त्याचे दोन चुलते उतरले. लिंबाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. तांड्याचा नायक मधे बसला, देवलाची बाज उचलून सावलीत आणली, आणि थाळीत गुळाची अख्खी भेली ठेवली. तांड्याची रीत अशी, की नायकासमोर भेली फुटली की सोयरीक पक्की. ती फुटायच्या आत कुणाला काही बोलायचं असेल तर बोलून घ्यावं. फुटल्यावर तोंड उघडलं तर दंड.

नायकानं रीतीप्रमाणं विचारलं, आणि उत्तमसिंग घसा साफ करून उभा राहिला.

सुदामनं तेव्हाच जमिनीकडं बघायला सुरुवात केली. त्याला भाऊ माहीत होता. समुद्राचं पाणी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा कुंपणाला लागलं होतं. बाजारात सांगितलं तेव्हा पायरीला. आज ते दाराच्या कडीला लागलं, आणि म्हातारी भागूबाई पोहत बाहेर आली. उत्तमसिंग म्हणाला की पाव्हण्यांबद्दल आमचं काही म्हणणं न्हाई, पोरगा सोन्यासारखा हाय, पण खुंटा बुडाला की तळ उचलायचा ही आपल्या वाडवडलांची रीत. तिथं आम्ही पोरीचा तळ टाकायचा कसा? सगळी दुनिया सांगून राहिली समुद्र चढतो म्हणून. आम्ही डोळ्यांनी बघून आलो.

बाजेवरून आवाज आला, "कोणता खुंटा?"

उत्तमसिंगला ऐकू आलं नाही, किंवा त्यानं ऐकलं नाही.

भीमसिंगांचा चेहरा लाल झाला. नकोच म्हणायचं होतं तर फोन होता की, ते म्हणाले, उन्हातान्हातून जीपभर माणसं काहून आणली? चुलत्यांनी पागोटी सावरली. पारूबाई पदराआडून मान हलवत होती. सुदामला वाटलं, आता ही माणसं उठणार. त्यानं मिनाकडं चोरून पाहिलं. ती दारात, अर्ध्या तोरणाखाली उभी होती आणि तिचं सगळं लक्ष दिपकच्या पिशवीकडं होतं.

दिपकनं पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, कागद सोडवला आणि खुंटा गुळाच्या थाळीशेजारी ठेवला.

"काका, तुमी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हा ठोकला तिथंच उभा होता," तो म्हणाला. "पाणी दिवसातून दोनदा येतं अन् दोनदा जातं. तुमी यायचं पाहिलं. जायचं पाहायला थांबले न्हाई."

पहिल्यांदा याडी हसली. तोंडात दात नसलेली माणसं हसतात तेव्हा आवाज होत नाही, पण तिचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. मग नायक हसला, मग भीमसिंग, आणि मग तो हशा आवरेना. दिपकनं पुढचंही सांगितलं. दोघं न जेवता पळाले तेव्हा भागूबाईला वाटलं होतं हे पाव्हणे नव्हेतच, हॉटेल कंपनीची माणसं आहेत, किनाऱ्यावर खुंट्या मारून जमीन लाटायला आलेत. म्हणून दुसऱ्या दिवशी ती खुंट्यावर पाळत ठेवून बसली होती, आणि तो खुंटा खरंच मास्तरांच्या सासरचा आहे म्हटल्यावर तिनं विचारलं की तुझ्या सासरी समुद्राला बांधून ठेवतात काय.

उत्तमसिंग खाली बसला. पारूबाई तेवढ्यात घरात गेली, पुऱ्या करपल्याचं निमित्त करून. सुदामला मात्र हायसं वाटलं. पोरगा त्याला पहिल्यापासून आवडला होता. एक चप्पल गेली ती गेली, असं मनाशी म्हणून त्यानं भेलीकडं हात केला.

"थांब," देवला म्हणाला.

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. दिपकनं खुंटा त्याच्या हातात दिला. देवलानं तो उलटा केला, टोपणावरून अंगठा फिरवला, आणि ज्या पोरानं न विचारता नेला त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग लाकडाला जीभ लावली. मिठाचा पांढरा थर अजून होता.

"खारट हाय," तो म्हणाला. आणि मग, "मास्तर, पाणी जातं म्हन्ता. पुरं जातं का? जिथून आलं तिथवर?"

आता दिपकची गोष्ट अशी होती. तो खोटं बोलणारा नव्हता, पण सगळं खरं बोलायची त्याला हौसही नव्हती. मिनानं खुंटा आणा म्हटलं, त्यानं आणला. लोक हसले, काम झालं. गूळ पुढ्यात होता. बापानं त्याच्या मांडीला हळूच गुडघा लावला, म्हणजे हो म्हण आणि मोकळा हो. दारात मिना उभी होती, आणि तिनं मान अगदी थोडी आडवी हलवली. काही बोलू नका, असं ती म्हणत होती. ते त्याला बराबर कळलं. पण म्हातारा त्याच्याकडं बघत होता, आणि धरणात गाव गेलेल्या माणसाला पाण्याबद्दल खोटं सांगायचं त्याच्यानं झालं नाही.

"न्हाई आजोबा," दिपक म्हणाला. "पुरं न्हाई जात."

मग त्यानं सांगितलं. टीव्हीवर दाखवतात तसं न्हाई, मुंबई उद्या बुडत न्हाई. वर्षाकाठी चढतं ते गव्हाच्या दाण्याइतकं, डोळ्याला दिसत न्हाई. पण भागूबाईच्या दारापुढं होडी बांधायचा खांब आहे. ती लग्न होऊन आली तेव्हा पावसाळ्यातल्या मोठ्या भरतीलासुद्धा तो कोरडा राहायचा. आता त्याच भरतीला गुडघाभर पाणी असतं. काही वाळू वाहून गेली म्हणून, काही पाणी चढलं म्हणून. माडांची पुढची रांग गेली. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात खारट लागतं. शाळा उंचावर आहे, भागूबाईचं घर आमच्या हयातीत जाईल असं न्हाई. पण चढून राहिलंय, हे खोटं न्हाई.

भीमसिंगांनी कपाळाला हात लावला.

आणि बैठक फिरली. मघाशी हसणारे चुलते खाकरायला लागले. पारूबाई घरातून बाहेर आली, करपलेल्या पुऱ्या विसरून. सुदाम, जो घडीभरापूर्वी गूळ फोडायला निघाला होता, तो ताडकन उभा राहिला.

"मंग न्हाई," तो म्हणाला. "माजी पोरगी न्हाई जायची तिथं."

त्याला कुणी काहून विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं. पैनगंगेवरचं धरण भरत होतं तेव्हा सुदाम मिसरूड फुटलेला पोरगा होता आणि उत्तमसिंग लेकरू. सगळा जुना तांडा उठून माळावर गेला, पण देवला उठेना. सांजेला तो पाण्याच्या कडेला हाच खुंटा ठोकायचा. सकाळी खुंटा पाण्यात असायचा. देवला आत जाऊन उपटायचा, दहा पावलं मागं येऊन पुन्हा ठोकायचा आणि म्हणायचा, आता थांबंल. असं करत करत पाणी चुलीत आलं. शेवटी पहाटे छातीभर पाण्यातून निघाले. उत्तमसिंग सुदामच्या खांद्यावर बसून रडत होता. याडीची फेटिया, म्हणजे आरसे लावलेला घागरा, आणि लग्नातली चांदीची कांबी ज्या पेटीत होती ती पेटी त्यांच्यादेखत वाहत गेली. त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही. खुंटा तेवढा आला, आणि तो दारात शेळीसाठी ठोकला.

मिनाचा राग आता कुणावर काढावा हे तिला कळेना. काकानं खोटं बोलून घोळ घातला तो तिनं निस्तरला, आणि या माणसानं खरं बोलून पुन्हा घातला. त्याच्याशी आयुष्यभर बोलायचं नाही असं तिनं ठरवलं. आणि मग त्यासाठी आधी लग्न करावं लागेल, हे ध्यानात येऊन तिला रडावं की हसावं तेच समजेना.

तेव्हा संगिता पुढं आली. कपाळावरचा घाम पदरानं पुसत, हातात तेलाचा झारा तसाच धरून, ती थेट पुरुषांच्या सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"मला या घरात देताना यांनी माज्या बापाला सांगितलं होतं, हापसा दारात हाय," ती म्हणाली. "हापसा आला तवा मिनी दुसरीत होती. तोवर मी डोक्यावर घागरी वाहिल्या. या पोरानं गुळाआधी सांगितलं, पाणी खारट हाय म्हणून. मला हा जावई पायजे."

नायकानं मिशीवरून हात फिरवला. बायकांच्या बाजूनं कुणीतरी व्हय व्हय म्हणालं. संगिताला स्वतःचंच नवल वाटत होतं. सकाळपर्यंत ती याच सोयरिकीच्या मुळावर होती, आणि आता हातातला झारा कुणाच्या डोक्यात घालायची वेळ आली तर त्यालाही तयार होती.

पण सुदाम अडूनच बसला. बोलून काय होतं, म्हणाला, पाणी काय बोलण्यानं थांबतं? आणि आता सगळ्यांनी उत्तमसिंगकडं पाहिलं, कारण जिंकला असेल तर तोच जिंकला होता. पाणी चढतं, हे खुद्द मास्तरानं कबूल केलं होतं. पारूबाईनं त्याला कोपरानं ढोसलं.

उत्तमसिंग उठला. पण या खेपेला घसा साफ केला नाही, आणि आवाज जीपमधला नव्हता.

"मी पळून आलो," तो म्हणाला. "हे पोरगं तिथं राहून रोज बघून राहिलं, अन् आहे तेवढंच सांगून राहिलं. न कमी, न जास्त. भाऊ, याच्या हाती द्यायला हरकत न्हाई. हा खुंटा मागं सरकवणारा माणूस न्हाई."

बोलून गेला, आणि मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. सगळ्या बैठकीला कळलं. बाजेकडं बघायची कुणाची छाती होईना. याडीनं तेवढा हात पुढं करून म्हाताऱ्याच्या पायावर ठेवला. इतक्या वर्षांत तांड्यातल्या कुणी देवलाला तोंडावर असं म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते त्याच्याच धाकट्यानं.

देवला खुंटा हातात घेऊन बसला होता. त्याला राग आला नव्हता. कुणीतरी एकदा म्हणावं अशी तो किती वर्षं वाट बघत होता हे त्याचं त्यालाही ठाऊक नसावं. त्याला वाटलं, खांद्यावर बसून रडणारं लेकरू सगळं बघत होतं तर.

"उत्त्या बराबर बोलला," तो म्हणाला.

मग त्यानं थाळी जवळ ओढायला सांगितली. खुंटा उलटा धरला आणि लोखंडी टोपणानं भेलीच्या मधोमध घाव घातला. म्हातारं मनगट, पहिल्या घावात नुसता टवका उडाला. दुसऱ्या घावात भेली फुटली. नायक काही म्हणायच्या आत त्यानं गुळाचा खडा सुदामच्या हातावर ठेवला. बापानं दिलेला गूळ टाकता येत नाही. सुदामनं तो तोंडात घातला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सगळ्यांचे हात थाळीकडं गेले.

देवलानं मिनाला हाक मारली. ती आली, बाजेजवळ खाली बसली. त्यानं खुंटा तिच्या ओंजळीत दिला.

"हा तुज्यासंग जाईल. वर्षातली सगळ्यात मोठी भरती जिथं थांबते तिथं ठोकायचा. त्याच्या म्होरं पाणी आलं तर मागं सरकवायचा न्हाई. उपटायचा, अन् दोघांनी इकडं यायचं. भागूबाईला बी घेऊन यायचं." त्यानं जिवनबाईकडं पाहिलं. "मी सरकवत बसलो. तुज्या याडीची पेटी गेली."

मिना मान खाली घालून व्हय म्हणाली. खुंट्याचा खारट वास तिच्या हातांना लागला. पलीकडं दिपक बसला होता, चेहऱ्यावर नेमकं काय आणावं ते न कळून. आयुष्यभर न बोलण्याचा बेत तिनं लग्नापर्यंत पुढं ढकलला.

जेवणं झाली. भीमसिंगांची जीप गेली. शेळीनं मधल्या काळात उरलेलं तोरण संपवलं होतं आणि आता ती पाव्हण्यांनी टाकलेल्या पत्रावळींकडं निघाली होती. तिला बांधायला खुंटा नव्हता, तो तर दिला. उत्तमसिंगनं कुणी न सांगता बाभळीची फांदी तोडली, टोक काढलं आणि जुन्या खुंट्याचं भोक होतं त्याच जागी नवा ठोकला. शेळी आणून बांधली. देवला बाजेवरून बघत होता. या खेपेला त्यानं काठी आपटली नाही.

"उत्त्या," तो म्हणाला, "वर घे जरा. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं."

उत्तमसिंगनं कमरेवर हात ठेवले. मघाशी सगळ्या बैठकीसमोर पोरीला काय सांगितलं, त्यानं विचारलं. खुंटा सरकवायचा न्हाई म्हणून.

"पाणी यायच्या आधी सरकवला तर चालतो," देवला म्हणाला.

याडीचे खांदे पुन्हा हलायला लागले. उत्तमसिंग हसला, मग हसता हसता त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं. त्यानं शेळी सोडली, खुंटा उपटला, आणि म्हातारा बास म्हणेपर्यंत चढावर नेत राहिला.